शंभराचे चाळीस: सोन्याच्या खाणींचे अजब गणित

अमेरिकेत फिलाडेल्फिया शेअर बाजाराचा सोने-चांदी खाणींचा एक जुना निर्देशांक आहे. व्यापारी त्याला एक्सएयू म्हणतात. जानेवारी १९७९ मध्ये त्याचे मूल्य १०० धरले गेले. त्या महिन्यात सोन्याचा एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, साधारण २२५ ते २३० डॉलरला मिळत होता. सदतीस वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, औंसाचा भाव १,०५० डॉलरच्या वर होता. सोने साडेचार पटींहून अधिक महागले होते. ते सोने जमिनीतून काढणाऱ्या कंपन्यांचा हा निर्देशांक मात्र ४० च्याही खाली होता.

हे आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडले तेव्हा ते छपाईची चूक वाटण्याजोगे होते, पण चूक नाही. शंभर रुपयांचे चाळीस होण्यासाठी सदतीस वर्षे लागली, आणि या सदतीस वर्षांत ज्या वस्तूवर हा सगळा धंदा उभा आहे ती वस्तू पाच पटींच्या जवळ गेली. यामागचे गणित समजून घेतल्याशिवाय ‘सोने वाढणार, म्हणून खाणींचे शेअर घ्या’ हा सल्ला कोणी ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी या धंद्याचा आकार पाहू. माणसाने आजवर पृथ्वीतून काढलेले सगळे सोने, म्हणजे फारोंच्या मुखवट्यांपासून आपल्या घरच्या मंगळसूत्रापर्यंत आणि मध्यवर्ती बँकांच्या तिजोऱ्यांपर्यंत, २०२४ च्या अखेरीस सुमारे २ लाख १६ हजार टन होते. ते वितळवून एकच घन बनवला तर त्याची बाजू २२ मीटरच्या आसपास भरेल. त्या वेळच्या भावाने या घनाची किंमत साधारण १८ लाख कोटी डॉलर होते. जगातली सर्वात मोठी सोने-खाण कंपनी न्यूमाँट. १९२१ साली स्थापन झालेली ही कंपनी त्याच सुमारास बाजारात अवघ्या ४२ अब्ज डॉलरची होती. म्हणजे १८ हजार अब्जांपुढे ४२ अब्ज. ॲपल या एकट्या कंपनीच्या बाजारमूल्यात तेव्हा न्यूमाँटसारख्या सुमारे नव्वद कंपन्या मावल्या असत्या.

असे का? कारण जमिनीवरचे सोने कोणाच्या तरी मालकीचे आहे आणि ते जवळजवळ नष्ट होत नाही. खाण कंपनीकडे असते ते जमिनीखालचे, तेही दगडात विखुरलेले. आज अनेक मोठ्या उघड्या खाणींत टनभर खनिजातून सोने निघते एक ग्रॅम. दहा ग्रॅमच्या एका दागिन्यासाठी दहा टन दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणातून काढायचा. खनिजाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी बाजूला सारावा लागणारा निकामी दगड वेगळाच, आणि तो बऱ्याचदा खनिजाच्या दुप्पट-तिप्पट भरतो. हातात येणाऱ्या त्या दहा ग्रॅम सोन्याचे घनफळ अर्धा घन सेंटिमीटर असते. या सगळ्या दळणाला डिझेल लागते, वीज लागते, टायर, पोलाद, माणसे, पाणी, परवाने लागतात. सोन्याच्या भावातून हे सारे वजा केल्यावर जे उरेल तेवढ्यावरच शेअरधारकाचा हक्क. खाणींचा निर्देशांक सोने मोजत नाही, तो ही उरलेली रक्कम मोजतो.

कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. किलोला पंधरा रुपये खर्च आला आणि लासलगावात अठरा मिळाले तर हाती तीन रुपये. भाव एकवीस झाला तर कांदा फक्त सहाव्या हिश्शाने महागला, पण हाती येतात सहा रुपये, दुप्पट. भाव चौदावर आला तर पदरचा रुपया जातो. खाण कंपनीचे गणित हेच. औंसाचा भाव १,५०० आणि सगळा धरून खर्च १,२०० असेल, तर भाव वीस टक्क्यांनी वाढून १,८०० झाला की नफा ३०० वरून ६०० होतो. आणि भाव वीस टक्क्यांनी पडला की नफा शून्य.

हे कागदावरचे गणित प्रत्यक्षात किती हिंस्र होते, ते एचयूआय या दुसऱ्या निर्देशांकात दिसते. हा १९९६ मध्ये आला आणि त्याची अट अशी की, आपले भावी उत्पादन दीड वर्षाहून पुढे आगाऊ भावाने विकून टाकणाऱ्या कंपन्यांना त्यात जागा नाही. म्हणजे सोन्याच्या भावाला छाती उघडी ठेवून उभ्या राहणाऱ्या कंपन्याच त्यात. नोव्हेंबर २००० मध्ये हा निर्देशांक ३६ च्या आसपास होता, सोने २६५ डॉलरच्या. सप्टेंबर २०११ मध्ये सोने १,९०० ला टेकले आणि एचयूआय ६३० च्या वर गेला. सोने सात पट, खाणी सतरा पट. त्यानंतर सोने पडत गेले आणि २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास आले, म्हणजे सुमारे ४५ टक्के घट. एचयूआय जानेवारी २०१६ मध्ये १०० च्या आसपास आला. ही घट जवळजवळ ८४ टक्के.

८४ टक्के हा आकडा नीट पाहावा. शंभराचे सोळा झाले. सोळाचे पुन्हा शंभर होण्यासाठी सव्वासहा पट व्हावे लागते, म्हणजे ५२५ टक्के वाढ. उतरताना ८४ टक्के, चढताना ५२५. शिखरावर पैसे घातलेल्यांपैकी बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. त्यांना वाटते, सोन्याचा भाव जुन्या ठिकाणी आला की आपले पैसेही जुन्या ठिकाणी येतील.

तसे झाले नाही, आणि या संपूर्ण विषयातले सर्वात थक्क करणारे आकडे इथे आहेत. जीडीएक्स हा सोने-खाण कंपन्यांचा सर्वात मोठा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड, मे २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या वजनाने, त्याच याच्या पोटात. सप्टेंबर २०११ मध्ये त्याचा भाव ६७ डॉलरच्या जवळ होता. सोन्याने आपला २०११ चा उच्चांक २०२० मध्ये ओलांडला आणि ऑगस्टमध्ये २,००० डॉलर पार केले. जीडीएक्स तेव्हा कुठेतरी चाळिशीत होता. ६७ चा पल्ला त्याने पुन्हा गाठला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, सोने ३,६०० डॉलरच्या पुढे गेल्यावर. चौदा वर्षे. सोने १,९०० असताना फंडाचा जो भाव होता तोच सोने ३,६०० झाल्यावर. मधल्या काळात मिळालेला लाभांश धरला तरी चित्र थोडेच सुधारते.

मधला पैसा गेला कुठे? बराचसा कंपन्यांनी स्वतःच्या हाताने घालवला. २०१० मध्ये किनरॉस या कॅनडातील कंपनीने रेड बॅक मायनिंग ही कंपनी ७.१ अब्ज डॉलरला घेतली, मुख्यतः मॉरिटानियातल्या तासियास्त खाणीसाठी. २०११ आणि २०१२ या दोन वर्षांच्या ताळेबंदांत मिळून याच खरेदीपोटी सुमारे सहा अब्ज डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. बॅरिक या दुसऱ्या मोठ्या खाण कंपनीने चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, अँडीज पर्वतात चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, पास्कुआ-लामा ही खाण उभारायला घेतली. तिच्या खर्चाचा अंदाज फुगत साडेआठ अब्ज डॉलरपर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये काम थांबवावे लागले. याच बॅरिकने २००९ मध्ये जुने आगाऊ विक्रीचे सौदे मोडण्यासाठी सुमारे चार अब्ज डॉलरचे नवे शेअर काढले होते. सोने हजाराच्या घरात पोहोचले होते आणि कंपनी कितीतरी कमी भावाला आधीच बांधली गेली होती.

आगाऊ विक्रीचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये युरोपातल्या मध्यवर्ती बँकांनी सोनेविक्रीवर मर्यादा घालण्याचा करार वॉशिंग्टनमध्ये जाहीर केला आणि काही दिवसांत सोने २६० च्या आसपासवरून ३२० च्या पुढे उसळले. घानातली अशांती गोल्डफील्ड्स ही कंपनी त्या उसळीत बुडता बुडता वाचली. जमिनीखाली सोने, बाजारात सोन्याला वाढता भाव, आणि कंपनी दिवाळखोरीच्या दारात! तिचे सौदे भाव वाढणार नाही या गृहीतावर उभे होते. एचयूआयची ती दीड वर्षाची अट कोरडी तांत्रिक वाटते, पण तिची किंमत अशांतीच्या उदाहरणाने कळते.

नव्या शेअरांचा मुद्दाही वाचकांच्या नजरेतून सहसा निसटतो. कंपनी शेअर काढून पैसा उभारते तेव्हा तिचे बाजारमूल्य वाढते. निर्देशांक मात्र तेवढ्याने वाढत नाही, कारण निर्देशांक काढताना ज्या संख्येने भागतात ती त्याच प्रमाणात वाढवली जाते. म्हणून दहा वर्षांत एखादी कंपनी दुप्पट मोठी होऊ शकते, दुप्पट सोने काढू शकते, आणि तिच्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला येणारे सोने तरीही कमी झालेले असू शकते. निर्देशांकात दिसते ते हे शेअरमागचे सोने. सदतीस वर्षांत शंभराचे चाळीस होण्यामागे २०११ नंतर पडलेल्या भावाइतकाच हा वाढत गेलेला शेअरांचा ढीग आहे, असे मला वाटते.

आता उलट बाजूचा प्रकार, जिथे निर्देशांकच बाजाराला जड झाला. जीडीएक्सचा धाकटा भाऊ जीडीएक्सजे २००९ मध्ये आला, छोट्या खाण कंपन्यांसाठी. २०१६ मध्ये सोन्याच्या शेअरांनी उसळी घेतली आणि जीडीएक्स जानेवारीच्या नीचांकावरून ऑगस्टपर्यंत अडीच पट झाला. तेव्हा धाकट्यातही पैशाचा पूर आला. २०१७ च्या वसंतापर्यंत त्यात पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम होती. पाच अब्ज हा आकडा ॲपलच्या संदर्भात काहीच नाही. पण ज्या कंपन्यांत तो ओतायचा होता त्यांतल्या कित्येक फारच छोट्या होत्या. निर्देशांक सांगतो तेवढे घ्यायचे म्हटल्यावर हा एकटा ईटीएफ अनेक कंपन्यांचा दहावा हिस्सा, काहींचा पाचव्याच्या जवळ, धरून बसला. कॅनडाच्या कायद्यात २० टक्के ही रेषा आहे. ती ओलांडली की तो कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न मानला जातो आणि सर्व भागधारकांना प्रस्ताव देण्याची वेळ येते. कोणतीही खाण चालवण्याची इच्छा नसलेला, केवळ एका यादीची नक्कल करणारा फंड खाणमालक ठरण्याच्या बेतात आला.

एप्रिल २०१७ मध्ये निर्देशांक तयार करणाऱ्यांनी नियम बदलले. कंपनीच्या आकाराची वरची मर्यादा १.८ अब्ज डॉलरवरून २.९ अब्जांवर नेली, म्हणजे मोठ्या कंपन्या आत येतील आणि छोट्यांतला पैसा हलका होईल. प्रत्यक्ष फेरबदल जूनमध्ये होणार होता. पण काय विकले जाणार हे सगळ्यांना कळल्यावर कोण थांबणार? छोट्या कंपन्यांचे शेअर आधीच घसरले. ना त्यांच्या खाणीत पाणी शिरले होते, ना सोने स्वस्त झाले होते. दूरच्या एका यादीतली मर्यादा बदलली, एवढेच कारण. नव्या खाणींचा शोध याच छोट्या कंपन्या घेतात आणि त्यासाठी शेअर विकूनच पैसा उभारतात, म्हणून मला ही घटना नुसती गमतीची वाटत नाही. यादीतल्या फेरफारामुळे कोणाचे तरी ड्रिलिंग थांबलेले असणार.

याहून घातक खेळणे म्हणजे रोजच्या हालचालीच्या तिप्पट परतावा देऊ पाहणारे फंड. डिरेक्सियन या फंड कंपनीने खाणींवर असे फंड २०१० आणि २०१३ मध्ये आणले. समजा निर्देशांक १०० वरून ९० झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १००. तिप्पट फंड पहिल्या दिवशी ३० टक्के पडून ७० झाला, दुसऱ्या दिवशी ३३.३ टक्के चढून ९३.३. निर्देशांक जागच्या जागी, आणि सात टक्के हवेत. अशी ये-जा दहा वेळा झाली की निर्देशांक अजूनही १०० आणि फंड ५०. सोन्याच्या खाणींइतकी वरखाली करणारी दुसरी क्षेत्रे मोजकीच, त्यामुळे हे फंड वर्षानुवर्षे धरून ठेवणाऱ्यांची रक्कम जवळपास पुसली गेली. २०२० मध्ये तिपटीची दुप्पट करण्यात आली.

आपल्याकडे असा निर्देशांकच नाही, कारण निर्देशांक करावा इतक्या कंपन्या नाहीत. सेन्सेक्सच्या तीस कंपन्यांत दागिने विकणारी टायटन आहे, सोने खणणारी एकही नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, सुमारे १२० वर्षांत त्यांनी ८०० टनांच्या वर सोने दिले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्या बंद झाल्या. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी दागिने, नाणी आणि वळी मिळून ८०० टनांच्या आसपास सोने घेतले. कोलारचे सव्वाशतक आपण बारा महिन्यांत विकत घेतो. न्यूमाँट, जगातली सर्वात मोठी, त्याच वर्षी काढत होती सुमारे २१० टन. आपली वर्षाची हौस भागवायला तशा जवळजवळ चार कंपन्या लागतील.

मुंबई-पुण्यातल्या गुंतवणूकदाराला परदेशी खाणींत पैसा घालायचा तर मार्ग होता म्युच्युअल फंडाचा. डीएसपीने २००७ मध्ये असा फंड आणला आणि तो तिकडच्या ब्लॅकरॉकच्या सोने-खाण फंडात पैसा ठेवतो. इथे सोन्याचा भाव, खाणीचा खर्च आणि शेअरांची संख्या यांच्यावर रुपया-डॉलरचा चौथा थर चढतो. शिवाय देशातल्या सर्व म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात गुंतवायच्या रकमेला सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि ती भरत आल्याने फेब्रुवारी २०२२ पासून सेबीने फंडांना नवी परदेशी गुंतवणूक थांबवायला सांगितले होते. परदेशी तंत्रज्ञान, परदेशी औषधे, परदेशी सोने, सगळे त्या सात अब्जांत. किनरॉसने एकट्या रेड बॅकसाठी याहून दहा कोटी डॉलर जास्त मोजले होते.