की-बोर्ड रुसला की...

नवरात्र, रात्रीचे अकरा. तुळजापुरात मावशीच्या माडीवर संबळवाले काका ताटकळलेत, आराधी गाण्याचा ट्रॅक आजच संपवायचाय (उद्या काका दुसऱ्या गावी!) आणि मिडी की-बोर्ड ठप्प. दिवे चालू, सॉफ्टवेअर ढिम्म. पुण्याहून नेलेला सगळा रुबाब खल्लास!

फंडा सोपा आहे, राव. मिडी आवाज पाठवतच नाही. कोणती पट्टी, किती जोरात, असा नुसता निरोप जातो. १९८३ पासून हेच चाललंय. तेव्हा आधी पट्टी दाबा आणि स्क्रीनवरचा मिडीचा ठिपका बघा. लुकलुकला तर निरोप पोचतोय, घोळ ट्रॅकमध्ये आहे. रेकॉर्डचं बटण दाबलेलं नसेल, सोळापैकी भलताच चॅनल असेल, नाहीतर ऑक्टेव्हचं बटण चुकून दाबलं गेलं असेल.

ठिपका मेलेला? मग केबल बदला. काही केबल्स फक्त चार्जिंगपुरत्याच असतात. दुसरं एखादं सॉफ्टवेअर पोर्ट अडवून बसलंय का, तेही बघा.

आमचं दुखणं वेगळंच निघालं. मघाशी लाइट क्षणभर गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर तगला, पण यूएसबी हबचा अडॅप्टर भिंतीत! हब बंद होऊन परत सुरू झाला, सॉफ्टवेअर मात्र तुटलेलंच कनेक्शन धरून बसलं. गाणं सेव्ह केलं, सॉफ्टवेअर बंद केलं, की-बोर्ड थेट लॅपटॉपला जोडला, मग सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. मिडी सेटिंगमध्ये टिक केली आणि ठिपका नाचला.

‘झालं का रं?’ काकांनी काड्या उचलल्या. त्यांच्या वाद्याला केबलच नाही!