व्हिक्टोरिया डेचा मुहूर्त

मे महिन्यात टोरांटोला मुलाकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांना हल्ली कधीकधी टोमॅटो-मिरचीच्या कुंड्यांशेजारी पंजासारख्या पानांचं एक रोप दिसतं. बहुधा कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या अंगणात. पोलिसांना बोलावण्याचं कारण नाही. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात सज्ञान व्यक्तीला घरी गांजाची चार रोपं लावता येतात. चार म्हणजे दर माणशी चार नव्हेत, दर घराला चार. क्वेबेक प्रांताने मात्र घरच्या लागवडीवर बंदी ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

चारच रोपं, त्यामुळे एक मेलं की पाव बाग गेली. बाहेर बर्फ असतानाच लोक घरात दिव्याखाली बी रुजवतात आणि एप्रिल उजाडला की त्यांचे हात शिवशिवू लागतात. त्या घाईला टेकू देणारे बरेच समज तिथे फिरत असतात.

सगळ्यात लाडका समज व्हिक्टोरिया डेचा. २५ मेच्या आधीचा सोमवार, जोडून आलेली सुट्टी, आणि रोपं बाहेर काढायचा जणू देशभरचा मुहूर्त. पण एवढ्या अवाढव्य देशाला एक तारीख पुरेल कशी? व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर साधारण एप्रिलमध्येच दव गोठायचं थांबतं, टोरांटोत मेच्या सुरुवातीपर्यंत धोका असतो, तर कॅलगरी-विनिपेगकडे मेअखेरीस, एखाद्या वर्षी जूनमध्येही, पांढरी सकाळ उजाडते. तक्त्यात छापलेली ‘शेवटच्या हिमदवाची तारीख’ ही सरासरी असते. साधारण निम्म्या वर्षी दव तिच्यानंतरही गोठलेलं असतं, हे तक्ता भिंतीला चिकटवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

‘अंदाजात तीन अंश सांगितलेत, म्हणजे शून्याच्या वरच आहे की!’ हा दुसरा समज, आणि तो मराठी माणसाला खोडून काढता यायला हवा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, त्या दिवशी वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. तापमापक जमिनीपासून दीडेक मीटरवरच्या हवेचं तापमान सांगतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत त्या हवेपेक्षाही गार होतात. रोपाची उंची वीतभर, तेव्हा त्याच्या वाट्याला येते ती खालची थंडी. ढगाळ रात्रीचे तीन अंश आणि चांदण्या रात्रीचे तीन अंश एक नव्हेत.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं, ती. थंडी सरली की झालं, असं लोक धरून चालतात. पण गांजा ही दिवसाची लांबी मोजणारी वनस्पती आहे. खरं तर ती रात्र मोजते. रात्र पुरेशी मोठी झाली की ती वाढ आवरून फुलोऱ्याकडे वळते. आपल्याकडचं सोयाबीन आणि शेवंती याच जातकुळीतली. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले रात्री दिवे लावतात ते फूल लांबवण्यासाठीच. घरात गांजाच्या रोपांवर बहुतेक जण अठरा तास दिवा ठेवतात. तिथून रोप एप्रिलच्या मध्यावर टोरांटोच्या अंगणात आलं, तर दिवस एकदम साडेतेरा तासांच्या आसपास येतो. रोपाच्या हिशेबाने उन्हाळा संपला आणि फुलायची वेळ झाली. ते फुलू लागतं, तोवर मे-जून येतो, दिवस साडेपंधरा तासांपर्यंत ताणतो आणि रोप पुन्हा वाढीकडे वळतं. मग एकेरी पात्यांची वेडीवाकडी पानं, गुंतलेल्या फांद्या आणि वाया गेलेले कित्येक आठवडे.

‘बारा तासांचा दिवस झाल्याशिवाय फूल येत नाही’ हेही खरं नाही. बारा तास ही बंद खोलीत पीक घेणाऱ्यांची सोय आहे. चौदा तासांच्या दिवसातही फुलणाऱ्या जाती आहेत. अगदी कोवळं रोप लगेच फुलत नाही, पण मोठ्या झाडाच्या फांदीपासून केलेलं कलम चटकन फसतं. ‘ऑटोफ्लॉवर’ जाती दिवस मोजतच नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. बाकीच्यांसाठी उपाय साधा आहे. बाहेर नेण्याआधी दोन-तीन आठवडे दिव्याचे तास थोडेथोडे कमी करत बाहेरच्या दिवसाजवळ आणायचे, आणि बाहेरचा दिवस पंधरा तासांच्या घरात येईपर्यंत थांबायचं. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, टोरांटोत १ मेलाच चौदा तास भरलेले असतात. आपल्या बागकामाच्या सवयीत हा हिशेब नसतो तो त्यामुळेच.

‘खिडकीतल्या उन्हात वाढलंय, त्याला उन्हाची सवय आहे.’ नाही. खिडकीची काच अतिनील किरणांतला पान भाजणारा भाग बराचसा अडवते आणि वारा तर पूर्णच. अशा रोपाला थेट दुपारच्या उन्हात ठेवलं, तर दोन दिवसांत पानं पांढरट, कागदासारखी होतात. जळगावच्या केळीवाल्याला हे सांगावं लागणार नाही. ऊतिसंवर्धनाची रोपं आधी पॉलिहाऊस, मग शेडनेट अशी हार्डनिंग होऊनच शेतात जातात. घरच्या रोपालाही तेच. पहिल्या दिवशी सावलीत तास-दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, आठ-दहा दिवसांनी पूर्ण दिवस, आणि रात्र सर्वांत शेवटी. काही जण रोप कणखर करण्याच्या नावाखाली पाणीच तोडतात. पाणी थोडं कमी करावं, पण पान माना टाकेपर्यंत नव्हे.

लवकर लावलं की पीक जास्त, हा हिशेबही थंड मातीत बसत नाही. माती दहा अंशांच्या खाली असली की मुळं जवळपास थिजतात आणि पानं जांभळट होऊन रोप तिथेच बसून राहतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा अंशांच्या मातीत गेलेलं रोप त्याला बहुधा गाठतं. मात्र थांबायचं म्हणून लहान कुंडीत मुळांचं वेटोळं होऊ द्यायचं नाही, कुंडी बदलायची. माझं मत विचाराल तर मेअखेरीपर्यंत थांबून पस्तावलेला माळी विरळा, एप्रिलात घाई करून पस्तावलेले पुष्कळ.

राहिला आपल्याकडचा समज. काही राज्यांत भांगेची दुकानं आहेत, मग गच्चीत एखादं रोप चालेल, असं मानणारे भेटतात. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बी वगळलेली आहेत, झाडाची लागवड नव्हे. परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उगवणारं बी कॅनडाच्या कायद्यातही गांजाच धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. तेव्हा परतीच्या बॅगेत ते ठेवू नका.