सी.ए.ची वाट : पहिला विषय कोणता, कॉलेज कोणते?

आमच्या पेढीवर तीस वर्षे एक मुन्शीजी बसत होते. रोजमेळ उर्दूत, आकडे मात्र मराठी. हिशेबात एका पैशाची चूक सापडायची नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. कापडाला तोवर विक्रीकराचा जाच फारसा ठाऊक नव्हता. रिटर्न, इनपुट क्रेडिट, ई-वे बिल हे शब्द आम्ही त्याच वर्षी शिकलो, आणि शिकताना दंडही भरला.

पुढे मार्च २०२४ मध्ये पंचेचाळीस दिवसांच्या नियमाने बाजारात घबराट केली. लहान कारखानदाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जाणार नाही, अशी २०२३ च्या वित्त कायद्यातील तरतूद. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने घाबरून मार्चअखेर मालाची थाने परत पाठवली. हा नियम माल बनविणाऱ्याच्या आणि सेवा देणाऱ्याच्या येण्यासाठी होता, आमच्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याच्या येण्याला तो लागत नव्हता. पण हे त्याला ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. माल गोदामात पडला, भाव उतरला. कायदा वाचणारे एक माणूस घरात हवे, हे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत होतो. मात्र त्यासाठी मुलांना कोणत्या वाटेने पाठवायचे यात आम्ही स्वतःच एकदा चुकलो आहोत, म्हणून हे लिहितो.

आमचा भाचा २०१७ साली उर्दू माध्यमातून दहावी झाला. अकरावी कॉमर्सला बुककीपिंग, इकॉनॉमिक्स आणि ओ.सी. ठरलेलेच. खरी निवड पुढे असते : मॅथ्स की सेक्रेटेरियल प्रॅक्टिस? गणित जड, एस.पी. पाठ केली की मार्क मिळतात, असा सल्ला आम्हीच दिला. शिवाय नाव मोठे म्हणून त्याला मुंबईच्या कॉलेजात घातले. भिवंडीचे लोक जाणतात, इथून आधी रिक्षाने किंवा बसने ठाणे नाहीतर कल्याण गाठायचे, मग लोकल. जाऊन येऊन रोज चार तास मोडत. "मामू, गाडीत उभं राहून कायदा पाठ होत नाही," असे तो म्हणायचा. आम्हाला तो आळस वाटे.

नोव्हेंबर २०१९ ला तो फाउंडेशनला बसला. चार पेपर, प्रत्येकी शंभर मार्कांचे. पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात चाळीस आणि एकूण चारशेत दोनशे हवेत. तिसऱ्या पेपरात चाळीस मार्क व्यापारी गणिताचे, चाळीस स्टॅटिस्टिक्सचे आणि वीस तर्कबुद्धीचे, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. दहावीनंतर दोन वर्षे गणिताला हात न लावलेला मुलगा तिथे काय करणार? एकतीस मिळाले. बाकी तीन पेपर निघाले होते. पुढची परीक्षा मे २०२० ची, ती कोरोनात गेली आणि नोव्हेंबरात जोडली गेली. तोवर त्याचे मन उडाले. आज तो दुसऱ्याच्या फर्ममध्ये रिटर्न भरतो, काम चोख करतो, पण सही दुसऱ्याची असते.

तेव्हा ज्यांची मुले आता दहावीत आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच, की सी.ए.चा विचार असेल तर अकरावीला मॅथ्स सोडू नका. बारावीत चार मार्क कमी आले तरी चालतील. उर्दू विषय मात्र घाबरून टाकू नये, तो आपल्या मुलांना मार्क देतो. अडचण उर्दूची नसून इंग्रजी लिहिण्याची आहे. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते. उर्दूत नाही, मराठीतही नाही. फाउंडेशनचे अकाउंटिंग आणि बिझनेस लॉ हे पेपर लेखी असतात. अकाउंटिंगमध्ये आकडे साथ देतात. लॉ मध्ये वाक्ये लिहावी लागतात, आणि उर्दू माध्यमाची मुले तिथेच अडतात.

कॉलेजविषयी एक गैरसमज फार आहे. सी.ए. कॉलेजात शिकवला जात नाही. नोंदणी इन्स्टिट्यूटकडे होते, कॉलेज बी.कॉम.साठी. सिडनहॅम १९१३ पासून आहे, त्याचे नाव कोण नाकारील? पण ग्रँट रोड, नागपाडा किंवा तिथे जवळपास राहणाऱ्याने अकबर पीरभॉय किंवा महाराष्ट्र कॉलेज धरले, भिवंडीच्या मुलाने बी.एन.एन. धरले, तर सी.ए.च्या परीक्षेत त्याचा एक मार्कही कमी होत नाही. पाहायचे ते वेगळेच. वर्ग सकाळी सुटतात का? हजेरीचा काच किती? घरून किती वेळ लागतो? पुढे आर्टिकलशिपमध्ये दिवस ऑफिसात जातो, तेव्हा सकाळच्या कॉलेजची किंमत कळते. क्लासच्या फीचेही तसेच. इन्स्टिट्यूटची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, व्याख्यानेही. ती आधी चाळावीत, मग क्लासवाल्याच्या जाहिराती पाहाव्यात.

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही गप्प बसलो. तिने मॅथ्स घेतले, गावातले कॉलेज घेतले, रोज लॉ चे एक उत्तर इंग्रजीत लिहून शिक्षिकेला दाखवले. बारावी २०२४ ला, फाउंडेशन त्याच सप्टेंबरात निघाले.

मग इंटरमीडिएटचा वाद. तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. २०२३ च्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. ती आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे. म्हणून आमचे म्हणणे, दोन्ही एकदम दे. त्यात फायदाही आहे, कारण सहा पेपरांची बेरीज एकत्र धरतात, एका ग्रुपची कमी दुसरा भरून काढतो. ती म्हणाली, "अब्बा, सहा पेपर उचलून सहाही अर्धे राहतील." परीक्षा आता वर्षात तीनदा होते, तेव्हा एक खेप थांबल्याने फार बिघडत नाही, हेही तिचेच गणित. आम्ही मानले. सप्टेंबर २०२५ ला तिने पहिला ग्रुप दिला : अकाउंट्स ५२, लॉ ४४, टॅक्सेशन ६१. तीनशेत १५० हवे होते, १५७ आले. टॅक्सेशनचे साठ वरचे मार्क असे की ग्रुप अडला असता तरी त्या पेपरातून पुढच्या तीन खेपांची सूट मिळाली असती. ज्या मुलाचे वडील धंद्यात आहेत त्याने हाच ग्रुप आधी धरावा असे आम्हाला वाटते, जीएसटीची बिले घरात पडलेलीच असतात. एक खबरदारी : टॅक्सेशनची जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. आयकराच्या २०२५ च्या नव्या कायद्याच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि कलमांचे क्रमांकच बदलले आहेत.

आता दुसऱ्या ग्रुपची तयारी चालू आहे, त्यात कॉस्टिंग आहे. परवा ती धाकट्या भावाच्या कारखान्यात वही घेऊन गेली. सुताचा भाव, पिकावरची मजुरी, वीज, सायझिंग, सगळे मांडले आणि विचारले, "चाचा, चिंधीत जाणारं सूत तुम्ही मीटरच्या भावात कुठं धरलंय?" भाऊ आमच्याकडे पाहू लागला, आम्ही त्याच्याकडे. त्या रात्री जुनी बिले काढून बसलो.