कण केवढा?

मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी 1916मध्ये सुरू केलेलं संशोधन 1925मध्ये खडकवासल्याला आलं. प्रयोगांसाठी बांधलेल्या प्रतिकृतींना लागणारं पाणी तिथे धरणातून मिळत होतं. आज तिथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नदीचा गाळ अभ्यासताना पहिली विचारणा असते कणाच्या आकाराची, कारण गाळ वाहून जाईल की तळाशी बसेल हे त्यावर ठरतं. नाशिक-तासगावच्या द्राक्षबागेत फवारायच्या गंधकालाही हेच विचारायला हवं. माझ्या मते हा आकडा पाकिटावरच्या 'गंधक 80 टक्के'इतकाच मोलाचा आहे.

भुरीवर आणि लाल कोळीवर चालणारं गंधक पाण्यात विरघळत नाही. पानावर बसलेल्या कणाची हळूहळू वाफ होते, तीही काम करते. त्यामुळे पृष्ठभाग जितका जास्त, तितका गुण. 50 मायक्रॉनचा कण फोडून 5 मायक्रॉनचे केले तर हजार कण होतात. वजन तेच, पृष्ठभाग दसपट. भरड गंधक टाकीच्या तळाशी जातं, नोझल तुंबवतं. फार बारीक असलं तर कडक उन्हात पानं भाजण्याची भीती वाढते.

मोजणी चाळणीपासून सुरू होते. कोरडं गंधक चाळताना विद्युतभार धरून गोळे होतात, म्हणून ते पाण्यात कालवून 75 मायक्रॉनच्या चाळणीतून धुतात आणि वर उरलेलं वाळवून तोलतात. पण या चाळणीला 3 आणि 30 मायक्रॉन सारखेच. तिथून पुढे स्टोक्सचं 1851चं सूत्र कामी येतं: बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गंधकाचा 10 मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात मिनिटाला साधारण साडेतीन मिलिमीटर उतरतो, 75चा सेकंदालाच तीनाहून अधिक. बारीक गाळ मोजण्याची पिपेट पद्धत याच सूत्रावर उभी आहे.

लेसर यंत्र मिनिटभरात उत्तर देतं. कण जितका लहान, तितका प्रकाश मोठ्या कोनात पसरतो. त्या नक्षीवरून आकार काढतात. मात्र निकाल घनफळाच्या हिशेबात येतो, त्यामुळे थोडे भरड कणही आकडा वर ओढतात. खरी कसोटी नमुना तयार करताना लागते. डब्ल्यूडीजीचे, म्हणजे पाण्यात विखुरणाऱ्या दाणेदार गंधकाचे दाणे पाण्यात पूर्ण फुटायला हवेत, म्हणून अल्ट्रासाउंड देतात. शेतकऱ्याच्या टाकीत मात्र अल्ट्रासाउंड नसतो. तो न देता आणि देऊन, अशी दोन्ही मापं चाचणीच्या अहवालात छापली, तरच बागेत प्रत्यक्ष काय पोहोचतं ते कळेल.