सोलापूरच्या शेटजींची आगबोट

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्याने रंगूनहून तांदूळ मागवला की भाडे जाई ते बहुतेक इंग्रज कंपनीच्या बोटीला. भाडे पूर्ण भरून घ्यायचे आणि त्यातला काही हिस्सा पुढे परत देऊ म्हणून कंपनीने स्वतःजवळच ठेवायचा, अशी रीत होती. ठरलेल्या मुदतीत व्यापाऱ्याने एकदाही दुसऱ्याच्या बोटीत माल चढवला नाही, तरच ते पैसे हाती पडत. देशी बोट स्वस्तात माल न्यायला तयार असली तरी व्यापारी कचरत, कारण एका खेपेसाठी मागचे सगळे पैसे बुडायचे. याला ‘डिफर्ड रिबेट’ म्हणत. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. म्हणूनच हा फास नुसत्या पैशाने तुटणार नव्हता, त्यासाठी कायदाच बदलायला हवा होता.

हे ज्याला पुरते उमगले तो माणूस समुद्रापासून कितीतरी दूर, सोलापुरात जन्मला. वालचंद हिराचंद दोशी, जन्म २३ नोव्हेंबर १८८२. घर गुजराती बोलणाऱ्या दिगंबर जैनांचे, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. कॉलेज अर्ध्यावर सुटले आणि वडिलोपार्जित पेढीत जीव रमेना. तेव्हा रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. त्या अरुंद रुळांवरून सुरू झालेली कंत्राटदारी त्यांना पुढे भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत घेऊन गेली.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकाऊ असल्याचे त्यांच्या कानावर आले. ही पूर्वीची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पहिल्या महायुद्धात महाराजांनी तिचे इस्पितळ केले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरेंना जोडीला घेतले आणि बोट विकत घेतली. शिंद्यांची बोट म्हणून कंपनीचे नाव पडले ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. भांडवल साडेचार कोटी. यातले नरोत्तम म्हणजे सोलापूरची जुनी गिरणी उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. म्हणजे सिंदियाच्या मुळाशी सोलापूरचा धागा दुहेरी आहे, आणि आपल्या शहरात हे फारसे कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट मात्र परवडली नाही. १९२३ मध्ये ती भंगारात गेली.

समोर होते लॉर्ड इंचकेप. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या बलाढ्य जहाज कंपन्यांचे ते प्रमुख. शिवाय भारतमंत्र्यांच्या कौन्सिलात बसलेले, आणि हिंदुस्थान सरकारच्या खर्चकपातीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. एका खिशात जहाजे, दुसऱ्या खिशात सरकार. त्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले आणि मग कंपनीच विकत मागितली. भागधारकांनी नकार दिला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदिया जगली, पण हातपाय बांधलेली. याआधी तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी काढलेली स्वदेशी जहाज कंपनी बुडाली होती आणि ते स्वतः तुरुंगात गेले होते. ते पाहता नुसते तगून राहणे हेही मोठेच काम होते.

नॉर्वेत मात्र वालचंदांसारखा जहाजधंद्यातला माणूस थेट पंतप्रधान झाला. बर्गनचे जहाजमालक क्रिस्टियन मिकेल्सन यांनी १९०५ मध्ये स्वीडनशी असलेले संयुक्त राज्य मोडले. भांडणाचे निमित्त होते परदेशांतल्या वकिलाती: नॉर्वेची जहाजे जगभर फिरत, पण कौन्सल मात्र दोन्ही देशांचा मिळून एकच. त्या वर्षीच्या सार्वमतात वेगळे होण्याविरुद्ध अवघी १८४ मते पडली. आपल्याकडे वालचंदांना अशी वाट नव्हती. देश पारतंत्र्यात, कायदेमंडळ असून नसल्यासारखे. निवडणुकीच्या राजकारणात न पडता त्यांनी संस्था बांधल्या: १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, पुढे देशभरच्या व्यापारी संघटनांचा महासंघ असलेल्या ‘फिकी’चे अध्यक्षपद. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले की किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी. इंग्रज व्यापाऱ्यांनी भेदभाव म्हणून ओरड केली. १९३१ मध्ये गांधीजींनी त्याला लेख लिहून उत्तर दिले: राक्षस आणि बुटका यांना सारखेच नियम लावणे हा न्याय नव्हे. विधेयक तडीस गेले नाहीच. उलट १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश धंद्यांना संरक्षण देणारी कलमे घातली गेली. माझ्या मते वालचंदांचे खरे राजकारण इथे दिसते. स्वराज्य म्हणजे काय, हे त्यांनी टनामागे पडणाऱ्या भाड्यावरून देशापुढे मांडले.

नरोत्तम १९२९ मध्ये गेले आणि सिंदियाची धुरा वालचंदांकडे आली. बंगळूरचा विमान कारखाना, कुर्ल्याची प्रीमियर मोटार, इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर यांवर स्वतंत्र लेख होतील. जहाजांपुरते सांगायचे तर सिंदियाच्या विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले, तरी काम निभले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली. आठ हजार टनांचे हे जहाज इथल्याच गोदीत बांधलेले होते.

पक्षाघातानंतर वालचंद १९५० मध्ये कामातून बाजूला झाले. विमान कारखाना इंग्रज सरकारने १९४२ मध्येच घेतला होता. गोदीही १९५२ मध्ये आपल्या सरकारकडे गेली. जहाजबांधणीसारखा तोट्याचा धंदा सरकारी पाठबळावाचून चालणार नाही, हे ते स्वतःच सांगत आले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. धाकटे बंधू लालचंद राज्यसभेत गेले. आणि हाजींनी १९२८ मध्ये मागितलेली किनारी वाहतूक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय जहाजांसाठी राखीव झाली.