शोकेसचा रणगाडा, खेळातला रणगाडा

अमेरिकी शर्मन रणगाडा प्रत्यक्षात सुमारे 5.8 मीटर लांब. शोकेसमधल्या मॉडेलच्या 1:35 मापात तो साधारण 16.5 सेंटिमीटर भरतो; ‘बोल्ट ॲक्शन’सारख्या टेबलावरच्या युद्धखेळात चालणाऱ्या 1:56 मापात जेमतेम 10. यातलं 1:35 हे माप जपानच्या तामिया कंपनीने रूढ केलं, तेही पँथर रणगाड्याच्या मॉडेलात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून!

खेळातलं मॉडेल सतत हाताळलं जातं, त्यामुळे नाजूक सुटे भाग कमीच बरे. टरेट (तोफेचा बुरूज) चिकटवू नका, ते फिरलं पाहिजे. रंगवताना आधी प्रायमर, त्यावर ऑलिव्ह ड्रॅब, मग खाचांत उतरणारा पातळ तपकिरी वॉश. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून कडांवरून हलकेच फिरवायचा. झाकणं, बिजागऱ्या उठून दिसतात त्या यामुळेच. वर मॅट वार्निश मात्र हवंच, नाहीतर बोटं लागून लागून कडांचा रंग उडतो.