वर्ग मूळपदावर येतो

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत गणित शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. शाळा सुटली की संख्यांची उलथापालथ करायची आणि जे सापडेल ते पुस्तिकांतून छापायचं. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे.

त्यांच्या हाती लागलेली एक चीज पाहा. ४५ चा वर्ग २०२५. तो मधोमध तोडा, २० आणि २५. बेरीज ४५! वर्गमूळ काढायचं तर आपण अंकांच्या जोड्या पाडतो आणि भागाकार मांडत खाली उतरतो. इथे एका रेघेत काम झालं. ५५ चा वर्ग ३०२५, तोही तसाच परततो. ९९ चा वर्ग ९८०१, म्हणजे ९८ अधिक ०१.

आणि मग दार बंद. ४६ चा वर्ग २११६, बेरीज ३७. ५४ चा २९१६, बेरीज ४५. हा तर भलत्याच घरात शिरला. दोन अंकी सगळ्या संख्या तपासा, मूळपदावर येणाऱ्या तीनच. त्याच तीन का?

गाठ सुटते ती शाळेतल्याच बीजगणिताने. संख्या क्ष धरू. तिच्या वर्गाचा डावा तुकडा अ, उजवा ब. डावा तुकडा शतकांच्या जागी बसलेला, म्हणून क्ष² = १००अ + ब. आपली अट क्ष = अ + ब. पहिल्यातून दुसरं वजा करा, की ब नाहीसाच होतो:

क्ष² − क्ष = ९९अ

डावीकडे क्ष सामाईक काढा: क्ष(क्ष − १) = ९९अ. आष्टीच्या शाळेतला आठवीचा पोट्टा एवढं हसत करतो. गंमत पुढे आहे. क्ष आणि क्ष − १ या शेजारणी; शेजारच्या दोन संख्यांना १ वाचून सामाईक विभाजक नसतो. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. तेव्हा ९ मधला एक ३ इकडे आणि एक तिकडे, अशी वाटणी चालायची नाही. ९ अख्खा एकीकडे जाणार, ११ अख्खा एकीकडे.

आता वाटून पाहा. ४५ मध्ये ९ आहे, ४४ मध्ये ११. उलट वाटणी केली तर ५५ मध्ये ११, ५४ मध्ये ९. दोन्ही क्षच्या पदरात पडले तर ९९. दोन्ही शेजारणीच्या पदरात पडले तर क्ष होतो १००, तो तीन अंकी, बाद. वाटण्या संपल्या. मला हा क्षण ४५ च्या जादूपेक्षा जास्त आवडतो.

९९ म्हणजे १० चा वर्ग वजा १. मग १० चा घातांक वाढवायचा, बस्स. १० चा घन वजा १ म्हणजे ९९९, म्हणजेच २७ गुणिले ३७. त्यातून निघतात २९७ आणि ७०३. वर्ग अनुक्रमे ८८२०९ आणि ४९४२०९. ८८ अधिक २०९, ४९४ अधिक २०९. दोघांचं शेपूट सारखं, कारण दोघांची बेरीज १०००. (४५ आणि ५५ पुन्हा पाहा.) तिसरी ९९९.

चार अंकांत ९९९९ चे तीन तुकडे पडतात, ९, ११ आणि १०१, त्यामुळे वाटण्या वाढतात आणि सात संख्या मिळतात. त्यांतली ७७७७ माझी लाडकी. तिची शेजारीण ७७७६ म्हणजे ६ चा पाचवा घात, त्यात ९ आहेच. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९. तोडा: ६०४८ आणि १७२९. गणितज्ञ हार्डींच्या टॅक्सीवरचा, रामानुजनांनी अजरामर केलेला आकडा इथे निमूट बसलेला!

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि पोरखेळ जगभर पोचला. २००० साली गणितज्ञ डग्लस इआनुच्ची यांनी अशा संख्यांचं, म्हणजे कापरेकर संख्यांचं, नातं १० च्या घातातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येच्या विभाजकांशी सर्वसाधारणपणे जोडून दाखवलं. पाच अंकांसाठी ९९९९९ चे तुकडे ९, ४१ आणि २७१. त्यांतून निघणारी एक सांगतो, २२२२२. बाकीच्या तुम्ही काढा.